छापा पडला तर ‘हो’ लिहा : सोसायटीतल्या गुन्ह्यांची मोजणी कशी करावी

गेल्या कोजागिरीला आमच्या गच्चीवर मी माइक हातात घेऊन विचारलं, “परवाना न काढता आजवर कोणकोण दारू प्यायलंय? हात वर करा.” माणसं चव्वेचाळीस, हात तीन. त्यातला एक सी विंगमधल्या आजोबांचा, आणि त्यांना प्रश्न ऐकूच आला नव्हता. बाकीचे मसाला दुधाच्या पेल्यात चंद्र शोधत बसले. वीस मिनिटांनी त्याच माणसांना तोच प्रश्न दुसऱ्या तऱ्हेने विचारला, तेव्हा हिशेब निघाला तो निम्म्यांच्या आसपास. मधल्या वीस मिनिटांत काय केलं, ते इथे लिहिते. तुमच्या सोसायटीत, भिशीत, कुटुंबाच्या संमेलनात करून बघा. मी ३१ वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवलं. मुलांनी वर्गात जांभया दिल्या, पण गच्चीवर एकाने दिली नाही.

पद्धतीची मूळ कल्पना स्टॅनली वॉर्नर या अभ्यासकाने १९६५ साली मांडली. त्याच्याकडे फिरकी होती. मी वापरते ती नाण्याची नंतरची सोपी आवृत्ती. नियम एवढाच : प्रत्येकाने कोणाला न दाखवता नाणं उडवायचं. छापा पडला तर प्रश्न न वाचता ‘हो’. काटा पडला तर खरं उत्तर. आता कोणाच्या चिठ्ठीवर ‘हो’ दिसलं, तर तो गुन्हेगार की नुसता छापा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. सगळ्यांची बेरीज मात्र सांगता येते.

तरी पहिली मेहनत नाण्याची नसून प्रश्नांची आहे, आणि इथेच बहुतेकांचा खेळ फसेल.

प्रश्नात ‘गुन्हा’, ‘बेकायदा’, ‘कायदा मोडला का’ हे शब्द येऊ द्यायचे नाहीत. माणूस कृत्य कबूल करतो, विशेषण कबूल करत नाही. आमच्या तळमजल्यावरच्या वहिनींकडे पिंजऱ्यात मिठू आहे, ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपला हा हिरवा पोपट घरात पाळता येत नाही. वहिनींना “तुम्ही कधी कायदा मोडलात का” विचारा, त्या दुखावतील. “घरात कधी पोपट पाळला होता का” विचारा, त्या पोपटाला काय आवडतं इथपर्यंत सांगतील.

दुसरं, विचारताय तो दोष खरंच उत्तर देणाऱ्याचा आहे ना, हे तपासा. मी आधी यादीत ‘डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक आणलं का’ घातलं होतं. मग लक्षात आलं की नियम मोडतो तो मुख्यतः देणारा दुकानदार. प्रश्न काढून टाकला. उलट हुंड्यात लोकांना वाटतं दोष फक्त घेणाऱ्याचा. १९६१ च्या कायद्यात देणाराही तितकाच दोषी आहे, किमान पाच वर्षं कैद.

तिसरं, प्रश्न सगळ्यांना लागू पडायला हवा. मला भाडेकराराचं विचारायची फार इच्छा होती. आमच्याकडे भल्याभल्यांची समजूत आहे की करार अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही. महाराष्ट्रात लागते. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ वाचा : ‘लीव्ह अँड लायसन्स’चा करारही लेखी आणि नोंदवलेला हवा, जबाबदारी घरमालकाची, नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पाचशे रुपयांच्या स्टॅम्पवर सह्या करून कपाटात ठेवलेले कागद मी चार घरांत पाहिलेत. पण ज्यांना भाड्याने द्यायला दुसरा फ्लॅटच नाही, त्यांच्या ‘नाही’ला काय किंमत? ते गरिबीचं ‘नाही’, सचोटीचं नव्हे. हाही गेला.

आणि मुदत घाला. ‘कधी’ म्हटलं की लोक आठवायला लागतात, आठवायला लागले की वकिली करायला लागतात.

शेवटी माझे तीन प्रश्न असे ठरले. पहिला : गेल्या महिन्यात दुचाकी चालवताना किंवा मागे बसून जाताना एकदा तरी डोक्यावर हेल्मेट नव्हतं. (मागे बसणारीलाही हेल्मेट लागतं, चार वर्षांवरच्या पोरालाही, मोटार वाहन कायदा, कलम १२९. हे ऐकून अर्ध्या बायका चमकल्या.) दुसरा : परवाना न काढता दारू प्यायले आहे. इथे मी स्वतःच मुदत घातली नाही, कारण एका महिन्यात फार थोडे सापडतील अशी भीती वाटली. तुम्ही हा मोह टाळा. आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे दारू विकत घ्यायला, जवळ ठेवायला आणि प्यायलाही परवाना लागतो. एक दिवसाचा ५ रुपयांना, आजन्म १,००० रुपयांना. पाच रुपये! चहाही येत नाही. तिसरा : माझ्या किंवा माझ्या मुलाबाळांच्या लग्नात मागणीवरून पैसे, सोनं किंवा वस्तू दिल्या-घेतल्या. ‘मागणीवरून’ हा शब्द महत्त्वाचा, कारण न मागता दिलेल्या भेटींना कायद्यात सूट आहे. मात्र १९८५ च्या नियमांप्रमाणे त्या भेटींची सह्यांनिशी यादी करावी लागते. रुखवताचे फोटो प्रत्येकाकडे आहेत, ही यादी मी एकाही घरात पाहिलेली नाही.

आता सामान. नाणी सर्वांत अवघड. क्यूआर कोडच्या दिवसांत कोणाच्या खिशात रुपया नसतो. मी आहेराची पाकिटं काढली. त्यावर चिकटवलेला रुपया असतो ना, तो. वर्षानुवर्षांची पाकिटं ड्रॉवरमध्ये पडली होती, कात्रीने सोडवून घेतले. डिंक धुवून काढा, नाहीतर नाणं एका बाजूला चिकटतं. छापा कशाला म्हणायचं यावर आमच्याकडे दहा मिनिटं वाद झाला, म्हणून आधीच सांगून टाका : सिंह दिसले तर छापा, आकडा दिसला तर काटा.

नाणी हवेत उडवू देऊ नका. पहिल्या फेरीत चार नाणी पाण्याच्या टाकीखाली गेली आणि शेजारच्याचं काय पडलं ते सगळ्यांना दिसलं. रिकाम्या स्टीलच्या पेल्यात नाणं घालायचं, वर तळहात ठेवून खुळखुळायचं, बोटं किलकिली करून आत बघायचं. प्रत्येक प्रश्नाला नवं नाणं, म्हणजे पुन्हा खुळखुळ.

चिठ्ठ्या तीन रंगांच्या, एका प्रश्नाला एक. त्यांवर ‘हो’ आणि ‘नाही’ आधी छापून घ्या आणि लोकांना फक्त खूण करू द्या. हाताने लिहायला लावलंत तर माझ्यासारखी मास्तरीण अक्षर ओळखते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पेनं एकाच शाईची. डबा बिस्किटांचा चालेल, झाकणाला फट पाडून. सेक्रेटरींच्या हातात डबा देऊ नका. ते देखभाल खर्चाची थकबाकी वसूल करतात, त्यांच्यासमोर लोक आपोआप सज्जन होतात.

आणि आधी हात वर करवून घ्याच. त्याशिवाय दोन आकड्यांमधली दरी दिसत नाही, आणि सगळी गंमत त्या दरीत आहे. हेल्मेटला मात्र दरी निघालीच नाही. हात वर करा म्हटल्याबरोबर पुण्याला शोभेल अशा अभिमानाने जवळजवळ सगळे वर आले, बी विंगमधल्या काकांनी दोन्ही केले. ज्या गोष्टीवर लोक हसतात तिच्यासाठी नाणं खर्च करू नका. १९४७ साली न्यूयॉर्कमध्ये दोघा अभ्यासकांनी १,६९८ सामान्य माणसांना ४९ गुन्ह्यांची यादी निनावी भरायला दिली, तेव्हा ९९ टक्क्यांनी निदान एक तरी कबूल केला होता. हलकीफुलकी कबुली द्यायला माणूस तयारच असतो. अडतं ते ठरावीक एकदोन गोष्टींपाशी.

हिशेब पाचवीतल्या मुलाला जमेल. चव्वेचाळीस माणसांत बावीस छापे धरायचे. ते बावीस ‘हो’ नाण्याचे, कोणाचेच नव्हेत. एकूण ‘हो’मधून बावीस वजा करा, जे उरेल त्याला बावीसने भागा. दारूच्या प्रश्नाला ३३ ‘हो’ आले. तेहतीस वजा बावीस, अकरा. बावीसात अकरा, म्हणजे निम्मे. पण ‘पन्नास टक्के’ म्हणून नोटीस बोर्डावर लावू नका. बावीस छापे हा अंदाज आहे. प्रत्यक्षात अठरा पडतील किंवा सव्वीस. एवढ्या थोड्या माणसांत ‘निम्मे’ याचा अर्थ पाव ते पाऊण यांत कुठेतरी. तरीही तीन हातांच्या मानाने फारच वर, आणि त्या तिनांत आजोबा धरलेत.

मग गुलाबी चिठ्ठ्या उघडल्या. हुंडा. माझा अंदाज होता की पंचवीस-तीस ‘हो’ निघतील. निघाले तेरा.

तेरातून बावीस गेले, उणे नऊ. आमच्या सोसायटीत हुंडा दिला-घेतलेल्यांचं प्रमाण उणे ४१ टक्के. आकडा ऐकून टाळ्या पडल्या, लोकांना वाटलं आपण शून्याच्याही पलीकडे सुधारलो. अहो, चव्वेचाळीस माणसांतला एकही दोषी नसता, तरी बावीसच्या आसपास नुसत्या छाप्यांचे ‘हो’ यायलाच हवे होते. निव्वळ नशिबाने तेरा किंवा त्याहून कमी छापे पडायचे, तर खेळ दोनशे वेळा करावा तेव्हा एखाद्या वेळी. म्हणजे छापा पडलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी ‘नाही’वर खूण केली.

दुसऱ्या दिवशी जिन्यात ए विंगमधली एक बाई भेटली आणि आपणहून म्हणाली, “मॅडम, छापा पडला होता हो माझा. पण हातच उठेना. आमच्यात हुंडा घेत नाहीत.” मी म्हटलं, त्या ‘हो’चा अर्थ हुंडा घेतला असा नव्हताच, नुसता सिंह दिसला असा होता. “ते कळलं मला,” ती म्हणाली, “पण लिहायचं कसं?” तिच्या लग्नात काय झालं हे मला माहीत नाही आणि माहीत करूनही घ्यायचं नाही. दारूबाबत मात्र तिने छापा पडला म्हणून बिनदिक्कत ‘हो’ केलं होतं, तेही तिनेच सांगितलं.

तेव्हा उणे आकडा आला तर खेळ फसला म्हणून फेकून देऊ नका, जपून ठेवा. खोट्या ‘हो’चीसुद्धा लाज वाटावी अशी ती गोष्ट आहे, एवढं त्यातून पक्कं कळतं.

अशा प्रश्नांसाठी दुसरी युक्ती आहे, तिच्यात ‘हो’ लिहावंच लागत नाही. ही मी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला केली, चाळीस बायका. (माझ्याकडे हळदीकुंकवाला सगळ्या येतात, नवरा असो नसो. मलाही नाहीये.) दोन वाक्यं द्यायची. पहिलं निरुपद्रवी, दुसरं हुंड्याचं. उत्तर फक्त ‘दोन्हींचं सारखं’ किंवा ‘दोन्हींचं वेगळं’. दोन्ही खरी किंवा दोन्ही खोटी असतील तर सारखं, एकच खरं असेल तर वेगळं.

निरुपद्रवी वाक्य निवडताना डोकं चालवावं लागतं. पुस्तकी सल्ला वाढदिवसाच्या महिन्याचा असतो. आपल्याकडे तो चालत नाही. शाळेत घालताना मास्तरांनी लिहिलेली १ जून ही अर्ध्या पिढीची जन्मतारीख आहे. स्वतःचा मोबाइल नंबरही नको, सोसायटीच्या ग्रुपवर तो सगळ्यांना दिसतो. मी सांगितलं, इथे कोणी ओळखत नाही असा एक नातेवाईक मनात धरा, त्याच्या नंबरातला शेवटचा आकडा ०, १ किंवा २ आहे का? दहात तीन वेळा असतो. नातेवाईक आधी धरायला लावा, आकड्यांचं नंतर सांगा, नाहीतर सोयीचा मामा निवडला जातो.

चाळिसांत एकीचाही हुंड्याशी संबंध नसेल तर अठ्ठावीस ‘सारखं’ यायला हवेत. सगळ्यांचा असेल तर बारा. मधलं अंतर सोळा. माझ्याकडे ‘सारखं’ बावीस आले. अठ्ठावीसातून बावीस गेले, सहा. सोळात सहा, म्हणजे तिघींत एकीहून थोडं जास्त. यात चुकीला नाण्याहूनही जास्त वाव आहे, तेव्हा चाळीस माणसांवरून कोणाला सुनावू नका, दोनशे मिळवा. पण या खेपेला आकडा उणे आला नाही, आणि कोणाचा हात अडला नाही.

तीनपेक्षा जास्त प्रश्न नकोत, चौथ्याला लोक नाणं न बघताच खुणा करतात. मोबाइलवर चित्रीकरण कोणी करत नाही ना, बघा. चिठ्ठ्या मोजून झाल्या की सगळ्यांसमोर फाडा. खेळ दहाच्या आत संपवा. आमचा साडेदहापर्यंत माइकवर चालला होता आणि ध्वनीचे नियम दहाला थांबा म्हणतात. ते कोणी यादीत घाला म्हणालं नाही.

आणि नाणी मोजून द्या, मोजून घ्या. मी चव्वेचाळीस दिली होती, डब्यात एक्केचाळीस परत आली. माइकवरून दोनदा विचारलं. हात एकही वर आला नाही, आजोबांचासुद्धा.