चाक किती घसरतंय, ते खडूने मोजा

सोयाबीन निघालं की हरभऱ्याची घाई सुरू होते. परतीचा पाऊस उघडून चार दिवस झाले, रान वरून पांढुरकं दिसायला लागलं, की काळ्या जमिनीत ट्रॅक्टर शिरतात. नांगराच्या खोलीला मात्र ओल तशीच असते. चाकं जागेवर फिरतात, डिझेल जळतं आणि टायरखालची माती घासून चकचकीत, घट्ट होते. त्या थरातून हरभऱ्याचं मूळ सहज खाली उतरत नाही. म्हणून आधी वीतभर उकरून खालची माती मुठीत दाबा आणि गोळा कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटला तर वाफसा आहे, म्हणजे रान कामाजोगं सुकलंय. चपटा झाला तर थांबा, पेरणी दोन दिवस लांबली तरी चालेल.

वाफसा असूनही ट्रॅक्टर ओढत नाही म्हटलं, की पहिला संशय इंजिनावर जातो. पण इंजिन न दबता चाक नुसतं फिरत असेल, तर ताकद आहे. ती जमिनीत उतरत नाही. चांगल्या रानातसुद्धा मागच्या चाकांवरच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपासच ओढ मिळते. १,५०० किलो वजन असेल तर ओढ ७०० किलोच्या घरात, ओल्या रानात आणखी कमी.

घसरण मोजायला यंत्र लागत नाही. मागच्या टायरवर खडूने रेघ मारा. नांगर नेहमीच्या खोलीला लावून चाकाचे १० फेरे होईपर्यंत चला, सुरुवातीला आणि शेवटी खुंटी ठोका. मग नांगर उचलून तेवढंच अंतर पुन्हा चला आणि फेरे मोजा. ९ भरले तर घसरण १० टक्के, साडेआठ भरले तर १५, आणि ७ भरले तर ३०. टू-व्हील ड्राइव्हला १० ते १५ टक्के ठीक आहे, फोर-व्हीलला त्याहून थोडी कमी. ३० टक्के म्हणजे चाक दहा एकरांचं फिरतं आणि रान सात एकरच होतं. घसरण जवळजवळ नसेल तर ट्रॅक्टरवर गरजेपेक्षा जास्त वजन आहे; तेही काढा, जमीन दबते.

घसरण जास्त निघाली तर आधी खोली इंचभर कमी करून बघा. हायड्रॉलिक (अवजार उचलणारी यंत्रणा) दिवसभर पोझिशन कंट्रोलवरच, म्हणजे अवजार एकाच उंचीवर धरून, ठेवायची सवय बऱ्याच जणांना असते. नांगरटीला ड्राफ्ट कंट्रोल वापरा: कडक पट्टा आला की नांगर किंचित उचलला जातो आणि त्याचा भार मागच्या चाकांवर येतो. रस्त्यासाठी वाढवलेली टायरची हवा रानात पुस्तिकेत दिलेल्या दाबावर आणा. एवढं करूनही भागलं नाही, तरच चाकाला वजनं लावा किंवा व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवून ट्यूब पाऊण भरेल इतकं पाणी घाला. रोटाव्हेटरला हे वजन नको, तो स्वतःच ट्रॅक्टरला पुढे ढकलतो. डिफरेन्शियल लॉक, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवणारी कळ, सरळ तासातच लावा, वळणावर सोडा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. रुतलेला ट्रॅक्टर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढताना साखळी ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या खालच्या ड्रॉबारलाच (मागच्या ओढायच्या पट्टीलाच) बांधा. टॉप लिंकच्या (अवजार धरणाऱ्या वरच्या दांड्याच्या) जागी किंवा मागच्या अ‍ॅक्सलच्या वर बांधली, तर पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटतो, आणि तेव्हा क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. साखळीजवळ कुणालाही उभं राहू देऊ नका, पोरांना तर बांधापलीकडेच ठेवा.