अभ्यास नेमका कोणाचा चाललाय?

दहावीला पंच्याण्णवच्या वर टक्के घेऊन अकरावी सायन्सला आलेल्या मुला-मुलींसाठी हे लिहितेय: घरच्यांच्या धाकाने चाललेला अभ्यास स्वतःचा कसा करायचा, याबद्दल. त्यांच्या आई-बाबांनी वाचलं तरी हरकत नाही, उलट बरंच होईल. मी बीड जिल्ह्यातली. अकरावी-बारावी लातूरला रूम करून केली, पुण्यात इंजिनिअरिंग केलं, थोडी नोकरी केली आणि आता छत्रपती संभाजीनगरात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. त्यामुळे मार्कांची वाट बघणारी मुलगीही मी होते, आणि आता मार्क देणारी मॅडमही मीच.

आधी एक गोष्ट मान्य करून टाकते. दहावीपर्यंत घरच्यांच्या धाकावर भागतं. आमचे अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. शिष्यवृत्तीच्या परीक्षेपासून त्यांनी मला सराव प्रश्नसंचांना जुंपलं होतं. पहाटे आई उठवायची, चहा द्यायची आणि समोर भाजी निवडत बसायची. माझ्या पुस्तकातलं तिला फारसं कळत नव्हतं, पण मी वाचतेय की पेंगतेय हे बरोबर कळायचं. आणि तेवढं पुरायचं. कारण दहावीचा बराचसा अभ्यास बाहेरून दिसतो. पाठांतर घेता येतं, लिहून काढायला लावता येतं, मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवून घेता येतात. 2024 च्या दहावीच्या निकालात राज्यातल्या 187 जणांना शंभर टक्के मिळाले, त्यातले 123 एकट्या लातूर विभागातले होते. सहापैकी सर्वोत्तम पाच विषय आणि वर कला-क्रीडेचे सवलतीचे गुण, असा तो हिशेब असतो, हे खरं. पण पहाटेच्या चहाशिवाय तो जमत नाही, हेही तितकंच खरं. त्या मेहनतीला नावं ठेवायला मी बसलेली नाही.

अडचण अकरावीत सुरू होते आणि ती अभ्यासाच्या जातीमुळे होते. घूर्णन गती, सीमा आणि अवकलन, ऑरगॅनिकमधल्या अभिक्रियांच्या पायऱ्या, यातलं काहीही घरी कोणाला तपासता येत नाही. वही उघडी आहे, पेन चालतंय, पोरगं खोलीत आहे, एवढंच दिसतं. मग घरच्यांच्या हातात दोनच मोजमापं उरतात. किती तास बसला? आणि किती पडले? तुमच्या अभ्यासावर देखरेख ठेवणारी यंत्रणा नेमकी अशा वेळी निकामी होते, जेव्हा अभ्यास तिप्पट अवघड झालेला असतो. ती जागा तुम्ही स्वतः घेतली नाहीत तर ती रिकामी राहते. मग घरचे ती आवाज चढवून भरायला बघतात.

एक नमुना दाखवते. भरीव गोळा, भरीव सिलिंडर आणि कडी एकाच उतारावरून एकाच वेळी सोडली तर खाली आधी कोण पोहोचेल? प्रश्न फार जुना आहे. वस्तू न घसरता घरंगळत असतील तर आधी गोळा, मग सिलिंडर, शेवटी कडी. वस्तू किती जड किंवा किती मोठी, याचा संबंध नाही. फिरायला कोणती वस्तू किती जड जाते ते सांगणारे 2/5, 1/2 आणि 1 हे आकडे हुशार मुलांना झोपेतही आठवतात. मी चाचणीत त्यात एकच शब्द घातला: उतार घर्षणरहित आहे. आता घरंगळणं होतच नाही, तिन्ही वस्तू नुसत्या घसरतात आणि एकाच वेळी खाली येतात. वर्गातल्या वरच्या बाकांवरच्या निम्म्याहून जास्त मुलांनी ‘गोळा’वर खूण केली.

त्यातल्या एका मुलाचे वडील दुसऱ्या दिवशी भेटायला आले. ‘‘मॅडम, याच्या सिली मिस्टेक फार होतात हो. येतं सगळं, पण घाई करतो.’’ मुलगा शेजारी मान हलवत होता. हे ‘सिली मिस्टेक’ प्रकरण मला आता चांगलं ओळखू येतं. ते घराच्या समाधानासाठी असतं. येत होतं पण चुकलं, म्हणजे खरे मार्क जास्तच आहेत, म्हणजे काळजीचं कारण नाही. मी मुलाला विचारलं, ‘‘गोळा आधी का पोहोचतो?’’ तो म्हणाला, ‘‘त्याची व्हॅल्यू सगळ्यात कमी आहे म्हणून.’’ घर्षण नसेल तर त्याला फिरवणार कोण, हा प्रश्न त्याच्या डोक्यात कधी आलाच नव्हता. त्याला तो धडा येत नव्हता. पण हे त्याला कळायला हवं असेल तर आधी मार्कांची बाजू मांडणं थांबायला हवं होतं, आणि वडील शेजारी बसलेले असताना ते कसं थांबणार?

स्वतःहून अभ्यास करणं म्हणजे पहाटे अलार्मशिवाय उठणं, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. माझ्या मते खूण वेगळी आहे. पेपर हातात आल्यावर तुम्ही आधी एकूण मार्क बघता की चुकलेले प्रश्न? एवढं एकदा स्वतःवर लक्ष ठेवून बघा.

मानसशास्त्रात यावर बरंच काम झालंय. एडवर्ड डेसी यांनी 1971 मध्ये विद्यार्थ्यांना सोमा नावाची ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली होती. ज्यांना पैसे दिले गेले, त्यांनी पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळात कोड्यांना कमी हात लावला. पण आपल्या घरांना जास्त लागू पडतो तो रिचर्ड रायन आणि जेम्स कॉनेल यांचा 1989 चा अभ्यास. शाळकरी मुलं अभ्यास कशासाठी करतात हे त्यांनी विचारलं. ‘नाही केला तर मलाच अपराधी वाटेल, लाज वाटेल’ म्हणून करणारी मुलं होती, आणि ‘मला हे महत्त्वाचं वाटतं’ म्हणून करणारीही. मेहनतीत दोन्ही गट पुढे होते. फरक असा की पहिल्या गटात चिंता जास्त होती आणि अपयश आलं की ते पचवणं त्यांना जड जात होतं.

हे वाचल्यावर मला आमचा लातूरचा मजला आठवला. उद्योग भवनाच्या आसपास ट्यूशन्सची गर्दी, मागच्या गल्ल्यांत रूम, मेसचा डबा, आणि एका खोलीत तिघी. तिघीही सारख्याच तास बसायच्या. बाहेरून कोण स्वतःसाठी शिकतेय आणि कोण वडिलांच्या भीतीने, हे सांगता आलं नसतं. चाचणी बिघडली की मात्र कळायचं. एक जण रात्री पेपर घेऊन बसायची. दुसरी घरी फोन करायचा टाळायची आणि मग तीन-चार दिवस तिचं कशातच लक्ष लागायचं नाही. म्हणून ‘मला तर घरून काही प्रेशर नाही’ असं म्हणणाऱ्या मुलांकडे मी जरा थांबून बघते. कित्येकदा वडील गप्प झालेले असतात, कारण त्यांचं बोलणं पोराने आत घेतलेलं असतं. आता त्यांना बोलायची गरजच नसते.

मग करायचं काय? माझ्याकडे येणाऱ्यांना मी पहिल्या महिन्यात चुकांची वही करायला लावते. वही सगळेच करायला सांगतात, पण तिच्यात नुसती बरोबर उत्तरं उतरवून उपयोग नाही. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे ‘मी काय केलं’ आणि ‘ते का केलं’ हे स्वतःच्या भाषेत, मराठीत चालेल, एक-दोन ओळी लिहायचं. शेवटी तीनपैकी एक शिक्का: माहीत नव्हतं, आठवलं नाही, वाचलंच नाही. चौथा शिक्का नाही. ‘सिली’ तर मुळीच नाही. आठवड्याने तोच प्रश्न कोऱ्या कागदावर परत सोडवायचा. ही वही घरी कोणाला दाखवायची नाही. हे मी मुद्दाम सांगते. दाखवायची म्हटली की ती सुंदर होते आणि खोटी होते.

दुसरं, सराव चाचणीत अंदाजाने मारलेल्या उत्तरांवर प्रश्नपत्रिकेतच खूण करून ठेवायची. मेडिकलची नीट आणि इंजिनिअरिंगची जेईई मेन, दोन्हीकडे बहुपर्यायी प्रश्नाला बरोबर उत्तराचे 4 आणि चुकीला वजा 1. चारातला एक डोळे मिटून मारला तरी सरासरीने नुकसान होत नाही, त्यामुळे मुलं मारतात. त्यात घरून विचारणा असते, ‘‘किती अटेम्प्ट केले?’’ पण अशा अंदाजांनी फुगलेला आकडा तुम्हाला स्वतःबद्दल काहीच सांगत नाही. खूण केलेले प्रश्न बाजूला काढून उरलेल्यांचे मार्क काढा. तो आकडा तुमचा. राज्याच्या एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेची गोष्ट वेगळी, तिथे निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे प्रत्यक्ष परीक्षेत एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. तिथे अकरावीच्या अभ्यासक्रमाला साधारण 20 टक्के आणि बारावीला 80 टक्के वजन असतं, हेही घरी एकदा समजावून सांगा. अकरावीच्या प्रत्येक चाचणीवरून घरात होणारा गोंधळ तेवढ्याने थोडा कमी होतो. (जेईई आणि नीटला ही सवलत नाही. तिथे दोन्ही वर्षं सारखीच महत्त्वाची.)

मार्कांच्या मेसेजचं प्रकरण आता फारच वाढलंय. चाचणी झाली की संध्याकाळी क्लासकडून मार्क थेट पालकांच्या मोबाईलवर. पोराला स्वतःचे मार्क वडिलांच्या चेहऱ्यावरून कळतात! मी ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांच्यापैकी काही पालकांनी एक करार मान्य केला. मेसेज आला तरी विचारायचं नाही, रविवारी जेवण झाल्यावर मुलगा किंवा मुलगी स्वतः सांगेल: काय येत नाही, पुढच्या आठवड्यात काय करणार, आणि शेवटी मार्क. सुरुवातीला आई-बाबांना हे जड जातं. एका आईने मला सांगितलं, ‘‘मॅडम, बुधवारपासून माझ्या पोटात गोळा येतो.’’ मी म्हटलं, येऊ द्या, त्याच्या पोटातला थोडा कमी होईल.

हा करार मागायचा कसा, हा खरा प्रश्न. ‘‘तुम्ही मला प्रेशर देता’’ अशी सुरुवात केली की पुढचा अर्धा तास त्यांनी तुमच्यासाठी काय काय केलं ते ऐकण्यात जातो. त्याऐवजी एखादं काम मागा. ‘‘पप्पा, टेस्ट सिरीजचं वेळापत्रक यापुढे मी ठरवतो, तुम्ही फक्त फीचं बघा.’’ किंवा ‘‘आई, सरांशी मी स्वतः बोलते, तू फोन करू नकोस.’’ जबाबदारी मागणाऱ्या मुलाला आपल्याकडचे आई-बाप सहसा नाही म्हणत नाहीत. ओरडणाऱ्याला म्हणतात. आणि मागितलेलं काम आठ दिवसांत सोडून दिलंत तर पुढच्या वेळी कोणी ऐकणार नाही, हे गृहीत धरा.

आई-बाबांना सरसकट खलनायक करणारं लिखाण मला पटत नाही. मराठवाड्यात तरी दबावामागे हौसेपेक्षा भीती जास्त असते. दोन पावसाळे दगा देऊन गेले की शेतावर काय होतं ते ज्याने पाहिलंय, त्याला ‘डॉक्टर हो’ याचा अर्थ ‘माझ्यासारखा अडकू नकोस’ असाच असतो. फीसाठी काढलेलं कर्ज पोरापासून लपवतात आणि मग भांडणात एकदम तेच बाहेर येतं. पालकांना एवढंच सांगेन की पैशाची गोष्ट अकरावीच्या सुरुवातीला शांतपणे आकड्यांसकट सांगा. सोळा वर्षांच्या मुलाला कर्ज कळतं. ‘तुझ्यासाठी एवढं केलं’ हे वाक्य परीक्षेच्या आदल्या महिन्यात ऐकून त्याला एकही गणित जास्त सुटत नाही.

आणि ज्यांना मनातून वेगळंच काही हवंय, त्यांनी नुसतं ‘मला डॉक्टर व्हायचं नाही’ म्हणू नये, पर्यायाची माहिती घेऊन बोलावं. विज्ञानाची खरी ओढ असेल तर आयसर या विज्ञान संस्थांची स्वतंत्र प्रवेश परीक्षा आहे, तशाच नायसर या संस्थेसाठी नेस्ट ही परीक्षा आहे, गणितवाल्यांसाठी कोलकात्याची आयएसआय आणि चेन्नईची सीएमआय या संस्था आहेत. मानखुर्दच्या होमी भाभा केंद्रामार्फत चालणाऱ्या विज्ञान ऑलिंपियाड स्पर्धेची पहिली फेरी अकरावीत देऊन बघा. निवड नाही झाली तरी कठीण प्रश्नाशी तासभर झुंजायला आपल्याला आवडतं का, ते कळेल. नसेल आवडत तर तेही उपयोगाचंच.

कधी गोष्ट अभ्यासाच्या पलीकडे गेलेली असते. झोप उडालीय, जेवण जात नाही, नको ते विचार येतायत, असं असेल तर करार आणि वह्या बाजूला ठेवा. जवळच्या मोठ्या माणसाला आजच सांगा. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

राहिला ड्रॉपचा, म्हणजे वर्षभर थांबून परीक्षा पुन्हा देण्याचा निर्णय. तो निकालाच्या संध्याकाळी घेतला जातो, आणि घरात तेव्हा सर्वात मोठा आवाज ज्याचा असतो तोच तो घेतो. म्हणून त्यावर बारावीच्या दिवाळीत बोलून ठेवा. आयआयटीसाठीची जेईई अॅडव्हान्स्ड लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते, तिथे मर्यादा आपोआप आहे. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही आणि वयाची वरची अटही आता नाही, त्यामुळे रिपीटरच्या बॅचमध्ये तिसऱ्या-चौथ्या वर्षाची मुलं दिसतात. किती मार्कांच्या खाली आलं तर ड्रॉप घ्यायचा, किती वर्षं, आणि नाहीच झालं तर बीएस्सी, नर्सिंग, फार्मसी की आणखी काय, हे कागदावर लिहा. ड्रॉप घ्यायचाच असेल तर चुकांची वही उघडून बघा. ‘माहीत नव्हतं’चे शिक्के वर्षभरात कमी होत गेले असतील तर आणखी एका वर्षाला अर्थ आहे. शिक्के तेवढेच राहिले असतील तर तोच क्लास, तीच रूम आणि तेच तास पुन्हा करून फार फरक पडताना मी पाहिलेला नाही.