इंग्रजीतलं क्रियाविशेषण नेमकं कसं ओळखायचं?

शेवटी ‘एल-वाय’ दिसलं की क्रियाविशेषण, हा नियम बहुतेकांच्या डोक्यात पक्का बसलेला असतो, आणि बहुतेक चुका त्यातूनच होतात. ‘फ्रेंडली’, ‘लव्हली’, ‘लोनली’, ‘सिली’ या सगळ्यांच्या शेवटी एल-वाय आहे, पण ही विशेषणं आहेत. उलट ‘सून’, ‘ऑफन’, ‘व्हेरी’, ‘हिअर’, ‘नॉट’ यांना एल-वाय नाही, तरी ती क्रियाविशेषणं आहेत. शब्दाची शेपटी बघू नका, वाक्यातलं काम बघा.

आधी वाक्यातलं क्रियापद शोधा. मग त्याला प्रश्न विचारा: कसं? कधी? कुठे? किती वेळा? ‘शी ऑफन वॉक्स स्लोली’ या वाक्यात कशी चालते? स्लोली. किती वेळा? ऑफन. दोन्ही क्रियाविशेषणं. त्यानंतर विशेषणांकडे वळा आणि ‘किती?’ विचारा. ‘व्हेरी टॉल’मध्ये ‘टॉल’ विशेषण, ते किती हे सांगणारं ‘व्हेरी’ क्रियाविशेषण. ‘टू स्लोली’मध्ये तर एक क्रियाविशेषण दुसऱ्याचं प्रमाण सांगतं. मराठी नाव क्रियाविशेषण असलं, तरी हा शब्द फक्त क्रियेलाच चिकटतो असं नाही. ‘लकिली, इट स्टॉप्ड’मधलं ‘लकिली’ सगळ्या वाक्याबद्दलच बोलतं. शब्द नामाबद्दल माहिती देत असेल, तर मात्र बहुधा ते विशेषण असतं.

मराठी माणूस हमखास अडखळतो तो ‘गुड’ आणि ‘वेल’पाशी. आपण ‘तो चांगला गातो’, ‘ती चांगली गाते’ म्हणतो. क्रिया कशी होते हे सांगायला आपल्याला विशेषणासारखाच, लिंगाप्रमाणे बदलणारा शब्द चालतो. त्याच सवयीने ‘ही सिंग्ज गुड’ लिहिलं जातं. प्रमाण इंग्रजीत तिथे ‘वेल’ हवं: ‘ही सिंग्ज वेल’. ‘गुड’ नामासाठी: ‘अ गुड सिंगर’.

पण म्हणून प्रत्येक क्रियापदामागे क्रियाविशेषण लावायला जाल तर फसाल. ‘द सूप स्मेल्स गुड’ बरोबर आहे, कारण ‘गुड’ वास घेण्याची रीत सांगत नाही, सूप कसं आहे ते सांगतं. लुक, फील, टेस्ट, साउंड यांच्या बाबतीत शंका आली की क्रियापद काढून ‘इज’ घालून पाहा. ‘शी लुक्स अँग्री’चं ‘शी इज अँग्री’ होतं, अर्थ टिकतो, म्हणजे विशेषण हवं. ‘शी लुक्ड अँग्रिली ॲट हिम’मध्ये ‘इज’ बसतच नाही. तिथे पाहण्याची क्रिया आहे, म्हणून ‘अँग्रिली’.

काही शब्द दोन्ही कामं करतात. ‘अ फास्ट कार’मध्ये विशेषण, ‘ड्राइव्ह फास्ट’मध्ये क्रियाविशेषण. ‘फास्टली’ असा शब्द वापरत नाहीत. ‘हार्ड’ आणि ‘हार्डली’ मात्र वेगळेच: ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे खूप कष्ट करतो, ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे जेमतेम काम करतो. ‘लेट’ म्हणजे उशिरा, ‘लेटली’ म्हणजे अलीकडे.

‘इन’, ‘अप’ यांसारख्या शब्दांपुढे नाम आहे का ते पाहा, बहुतेक वेळा त्यावरून कळतं. ‘कम इन’मध्ये पुढे काही नाही, म्हणून क्रियाविशेषण. ‘इन द रूम’मध्ये नाम आलं, तेव्हा ते शब्दयोगी अव्यय.

जागेचं एकच सांगतो: क्रियापद आणि कर्म यांच्या मध्ये क्रियाविशेषण सहसा घालू नये. ‘शी स्पीक्स फ्लुएंटली इंग्लिश’ चूक, ‘शी स्पीक्स इंग्लिश फ्लुएंटली’ बरोबर.

आता हे वाक्य घ्या: ‘ही हार्डली वर्क्स, बट हिज फ्रेंडली नेबर ऑलवेज वर्क्स व्हेरी हार्ड.’ क्रियाविशेषणं चार आहेत: हार्डली, ऑलवेज, व्हेरी, हार्ड. ‘फ्रेंडली’ मोजलं असेल, तर ते कुठल्या शब्दाबद्दल सांगतंय ते पुन्हा पाहा.