झाडछाटणीचा व्यवसाय सुरू करताय? विमा घेताना या चुका टाळा

मे महिना लागला की सोसायट्यांचे फोन सुरू होतात. पावसाआधी गुलमोहर हलका करून द्या, नारळाच्या झावळ्या उतरवा, गच्चीवर आलेली फांदी काढा. दोन चेनसॉ, दोर, हार्नेस, भाड्याचा टेम्पो आणि चार माणसं एवढ्या भांडवलावर काम उभं राहतं. विमा मात्र घाईत, 'स्वस्तात काय बसेल' एवढंच विचारून घेतला जातो. दावा अडकतो तो बहुतेक वेळा त्याच दिवशी.

फॉर्मवर 'बागकाम' लिहिणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. प्रपोजल फॉर्मवर 'गार्डनिंग' किंवा 'लँडस्केपिंग' लिहिलं की हप्ता कमी येतो, कारण कंपनी हिरवळ कापणाऱ्या माळ्याची जोखीम धरते. मग चाळीस फुटांवरून माणूस पडतो. नुकसान तपासायला आलेला सर्व्हेअर पहिला प्रश्न विचारतो, हे काम पॉलिसीत कुठे लिहिलंय?

व्यवसायाचं वर्णन असं असावं: 'दोर व हार्नेस वापरून उंचीवर चढून फांद्यांची छाटणी, झाडे तोडणे, चेनसॉचा वापर, लाकडाची वाहतूक.' क्रेन किंवा चिपर (फांद्यांचा भुगा करणारं यंत्र) वापरत असाल तर तेही लिहा. पॉलिसी हातात आली की 'अपवाद' हे पान आधी वाचा. ठरावीक उंचीच्या वरचं काम किंवा वीजवाहिनीजवळचं काम वगळलेलं असेल, तर ती अट बदलून एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडलेला बदल, लेखी घ्या. 'ते चालतं हो' हे एजंटचं तोंडी आश्वासन दाव्याच्या वेळी कामाला येत नाही.

नाव ऐकून लायबिलिटी पॉलिसी घेणं

'पब्लिक लायबिलिटी' नावाच्या दोन वेगळ्या गोष्टी बाजारात आहेत. एक १९९१ च्या कायद्याखालची. ती घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी आहे, तुमच्या उपयोगाची नाही. तुम्हाला हवी ती बिगर-औद्योगिक सार्वजनिक दायित्व पॉलिसी. फांदी शेजारच्या गाडीवर पडली, रस्त्यावरच्या माणसाला लागली, कंपाउंडची भिंत फुटली, तर ही पॉलिसी कामी येते. एका अपघाताची मर्यादा आणि वर्षभराची मर्यादा हे दोन आकडे वेगवेगळे लिहिलेले असतात, दोन्ही बघा. प्रत्येक दाव्यात तुमच्या खिशातून जाणारी रक्कम, म्हणजे एक्सेस, किती तेही विचारा. ती मोठी असेल, तर गाडीची काच फुटल्यासारखे नेहमीचे दावे तुम्हालाच भरावे लागतील.

यात तुमची स्वतःची माणसं येत नाहीत. तुमच्या ताब्यात दिलेली वस्तूही सहसा वगळलेली असते. सोसायटीची शिडी वापरायला घेतली आणि मोडली, तर ती भरपाई तुमच्याकडूनच जाईल.

परवानगीचंही तसंच. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. सोसायटीचा सेक्रेटरी 'आमचंच झाड आहे' म्हणाला तरी उद्यान विभागाच्या परवानगीची प्रत हातात आल्याशिवाय करवत लावू नका. जाणूनबुजून कायदा मोडून केलेल्या कामाचं नुकसान या पॉलिसींमधून वगळलेलं असतं.

माणसांचा विमा वरवरचा घेणं

'सगळ्यांचा अपघात विमा काढलाय' म्हणून निर्धास्त राहणारे खूप आहेत. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं संरक्षण देते. प्रत्येक माणसाची ती असलीच पाहिजे. पण मालक म्हणून तुमची कायदेशीर जबाबदारी त्याने संपत नाही.

आकडा मांडून बघा. रोज ७०० रुपये मजुरी, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १८,२०० रुपये. भरपाईसाठी मासिक वेतनाची मर्यादा २०२० मध्ये १५,००० ठरली, तीच धरू. कामावर मृत्यू झाला तर वेतनाच्या निम्मे, म्हणजे ७,५००, गुणिले वयाचा गुणक. तिशीच्या माणसासाठी तो २०७.९८ आहे. रक्कम होते १५,५९,८५०. हे एका घराचं पोट आहे. २ लाखांत ते भागत नाही.

म्हणून कर्मचारी नुकसानभरपाई पॉलिसी घ्या. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यातल्या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आल्या आहेत, तेव्हा पॉलिसीत संहितेचा उल्लेख आहे ना, हे तपासा. उपचारखर्चाचं वाढीव कलम मुद्दाम मागा. पाय मोडण्याची वेळ मृत्यूपेक्षा कितीतरी जास्त वेळा येते. ठेक्याने बोलावलेला नारळ चढणारा तुमचा पगारी माणूस नसला, तरी जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. त्यासाठी कंत्राटी माणसांचं एंडोर्समेंट लागतं.

हप्ता जाहीर केलेल्या मजुरीवर ठरतो. इथे मे-जून विसरले जातात. वर्षभर चार माणसं, पण पावसाच्या तोंडावर आठ. जाहीर केलेली मजुरी खऱ्यापेक्षा कमी निघाली, तर बहुतेक पॉलिसींत भरपाईही त्या प्रमाणात कापतात. हजेरीपट रोज भरा, मजुरी बँकेतून किंवा यूपीआयने द्या. माणसं दहा किंवा जास्त झाली की ईएसआयसीची (कर्मचारी राज्य विमा महामंडळाची) नोंदणी बघावी लागते.

यंत्रं आणि टेम्पो

चिपरचा विमा आजच्या नव्या किमतीवर काढा. ६ लाखांच्या यंत्राचा ३ लाखांचा विमा असेल, तर ८०,००० च्या नुकसानीचे ४०,००० धरतात आणि त्यातूनही एक्सेस वजा होतो. झीज आणि यंत्रातला बिघाड यात येत नाही. टेम्पोत ठेवलेला चेनसॉ चोरीला गेला तर काय, हे वेगळं विचारा. आणि लाकडाच्या ढिगावर माणसं बसवून नेऊ नका. मालवाहू गाडीच्या पॉलिसीत ती धरलेली नसतात.

आज फोन, उद्या काम

विमा कायद्याच्या ६४ व्हीबी कलमानुसार हप्ता जमा झाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. पॉलिसीवरची तारीख आणि वेळ वाचूनच माणूस झाडावर चढवा.

अपघात झालाच, तर जखमी माणसाला आधी दवाखान्यात पोचवा आणि त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवा. 'सगळं भरून देतो' असं गाडीमालकाला लिहून देऊ नका. कंपनीच्या संमतीशिवाय चूक कबूल केली तर दावा अडतो. झाडवाल्यांचा हात लगेच आवराआवरीकडे जातो, तेवढा थांबवा. तुटलेली फांदी, तिचा कापलेला भाग, दोराची गाठ, सगळ्याचे फोटो काढा. रस्ता मोकळा करायला फांदी बाजूला ओढली तरी ती आणि तो दोर सर्व्हेअर येईपर्यंत जपून ठेवा.