घरचा तरणतलाव वर्षभर सुरक्षित कसा ठेवावा : पावसाळ्यातही तळ दिसलाच पाहिजे

लोणावळ्याच्या आमच्या बंगल्यातला तरणतलाव 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद आणि सरासरी 1.2 मीटर खोल आहे. म्हणजे त्यात सुमारे 38,000 लिटर पाणी मावते. गेली चौदा वर्षे तो मी स्वतः सांभाळतो. या काळात मिळालेल्या सल्ल्यांपैकी निम्मे निरुपयोगी निघाले आणि दोन तर धोकादायक.

कुंपणापासून सुरुवात करावी. ते किमान 1.2 मीटर उंच असावे, दोन गजांमधली फट 10 सेंटिमीटरपेक्षा कमी असावी आणि फाटक बाहेरच्या बाजूला उघडून आपोआप बंद होणारे असावे. कुंपणालगत खुर्ची किंवा कुंडी ठेवू नये, कारण चार वर्षांच्या मुलाला तेवढी पायरी पुरते. पंप आणि दिव्यांच्या वीजजोडणीवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. त्याचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. तळाच्या जाळीचा तुकडा उडालेला दिसला, तर ती बदलेपर्यंत पंप चालवू नये. तिथल्या ओढीने केस अडकतात. मुले पाण्यात असताना एका मोठ्या माणसाने मोबाइल बाजूला ठेवून काठावर बसावे. बुडणारे मूल हाका मारत नाही, ते गुपचूप खाली जाते. बाहेर काढलेल्याचे पोट दाबून पाणी काढण्याचा खटाटोप करू नये. श्वास थांबला असेल तर लगेच तोंडाने श्वास देणे आणि छाती दाबणे सुरू करावे आणि दुसऱ्याने 108 ला फोन करावा.

नोव्हेंबर ते मे हा काळ सोपा आहे. पंप रोज सहा ते आठ तास चालवावा, मोकळे (अजून कशाशी संयोग न पावलेले) क्लोरीन 1 ते 3 पीपीएम (दहा लाख भाग पाण्यात तितके भाग) आणि पीएच (पाण्याची आम्लता मोजणारा आकडा) 7.2 ते 7.6 ठेवावा, सँड फिल्टरचा (वाळूच्या गाळणीचा) दाब नेहमीपेक्षा अर्धा बार चढला की बॅकवॉश करावा, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून वाळू धुवावी. एवढेच.

खरी परीक्षा जूनमध्ये सुरू होते. लोणावळ्यात जुलैच्या एखाद्या दिवशी 200 मिलिमीटर पाऊस सहज पडतो. आमच्या तलावाच्या 32 चौरस मीटर पृष्ठभागावर तो 6,400 लिटर पाणी ओततो, म्हणजे एकूण पाण्याचा सहावा भाग, आणि त्यात क्लोरीनचा थेंबही नसतो. शिवाय बागेतली माती वाहून येते. तीन दिवसांत पाणी हिरवे, पाचव्या दिवशी तळ दिसेनासा. हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. गढूळ पाण्यात तळाशी गेलेले मूल काठावर बसलेल्या माणसाला दिसत नाही, आणि मग कुंपण, राखणदार, जीवरक्षक टायर यांपैकी कशाचाही उपयोग उरत नाही. तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसत नसेल, तर फाटकाला कुलूप लावावे. पाहुणे मुंबईहून खास आले असले तरीही.

यावर ‘पावसाळ्यात तलाव रिकामाच ठेवा’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. दुसऱ्याच वर्षी एका ठेकेदाराच्या शब्दावर विसंबून मी जूनअखेर तलाव उपसला. ऑगस्टमध्ये खोल बाजूच्या फरशा पोळीसारख्या फुगून वर आल्या, कारण भिजलेल्या जमिनीतले पाणी खालून रेटत होते आणि वरून दाबून धरायला तलावात पाणीच नव्हते. शिवाय रिकामा तलाव म्हणजे निसरडा खड्डा, आणि तळाशी साचलेल्या वीतभर पाण्यात डासांची पैदास होते, ती वेगळीच.

तेव्हा तलाव भरलेलाच ठेवावा आणि हिरवे झालेले पाणी पुढील क्रमाने सुधारावे. हा क्रम उलटासुलटा केल्यामुळे माझे दोन पावसाळे वाया गेले. आधी पीएच पाहावा आणि तो 7.2 च्या आसपास आणावा. 7.2 ला क्लोरीनचा सुमारे दोनतृतीयांश भाग जंतू मारणाऱ्या रूपात असतो, तर 8 ला जेमतेम पाव. पीएच न पाहता टाकलेली पावडर म्हणजे पाण्यात टाकलेले पैसे. मग भिंती आणि पायऱ्या ब्रशने घासाव्यात, नाहीतर चिकटलेले शेवाळ क्लोरीनला दाद देत नाही. ऊन उतरल्यावर, संध्याकाळीच, 10 पीपीएम क्लोरीन द्यावे. आमच्या तलावाला 65 टक्क्यांचे कॅल्शियम हायपोक्लोराइट (क्लोरीनची पावडर) सुमारे 600 ग्रॅम लागते. ते प्लास्टिकच्या बादलीतल्या पाण्यात थोडे थोडे घालून विरघळवावे आणि पंप चालू ठेवून कडेकडेने ओतावे. पावडरीवर पाणी कधीही ओतू नये.

इथे एक ताकीद. ‘क्लोरीन ते क्लोरीन, कुठलेही चालते’ हा दुसरा धोकादायक सल्ला. टीसीसीएच्या (क्लोरीन देणाऱ्याच, पण वेगळ्या रसायनाच्या) गोळ्यांचा चुरा राहिलेल्या दमट मगानेच मी एकदा हायपोक्लोराइट उपसले. मगातून चुर्रर्र आवाज आला, पिवळट धूर निघाला आणि घसा आवळल्यासारखा झाला; तो मग अंगणात फेकून मी पळालो. हे दोन पदार्थ एकमेकांना लागले तर विषारी वायू निघतो आणि आगही लागू शकते. तेव्हापासून दोघांचे मग वेगळ्या रंगांचे आहेत आणि डबे वेगळ्या खोल्यांत.

दुसऱ्या दिवशी पाणी हिरव्याचे राखाडी दिसते. शेवाळ मेले आहे, पण ते इतके बारीक असते की वाळूतून निसटून परत तलावात येते. अनेकजण इथे घाबरून पुन्हा क्लोरीन ओततात. त्याऐवजी तुरटी वापरावी. एक किलो तुरटी बादलीत विरघळवून सगळीकडे पसरावी, मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह (पाण्याची वाट बदलणारी फिल्टरवरची तोटी) ‘रीसर्क्युलेट’वर, म्हणजे फिल्टर वगळून, ठेवून तासभर पाणी फिरवावे आणि मग रात्रभर पंप पूर्ण बंद ठेवावा. सकाळी तळाशी करड्या सायीसारखा थर बसलेला दिसतो. व्हॉल्व्ह ‘वेस्ट’वर (सांडपाण्याच्या वाटेवर) नेऊन तो व्हॅक्यूमने सरळ बाहेर काढावा, फिल्टरमधून अजिबात नाही, नाहीतर वाळू चोंदते. व्हॅक्यूमचा ब्रश अगदी सावकाश फिरवावा. घाई केली की थर ढवळतो आणि आणखी एक रात्र जाते. कमी झालेले पाणी भरून घ्यावे.

मग क्लोरीन पुन्हा मोजावे आणि ते 3 पीपीएमच्या खाली आल्याची खात्री करावी. उग्र वास येतो म्हणजे क्लोरीन भरपूर आहे, असे समजू नये. तो वास घाम आणि लघवी यांच्याशी संयोग पावलेल्या क्लोरीनचा असतो आणि उलट ते कमी पडत असल्याचे सांगतो. शेवटी मी पाच रुपयांचे नाणे खोल बाजूला टाकतो आणि काठावर उभा राहून पाहतो. ते नाणेच आहे, पान किंवा खडा नव्हे, हे पहिल्या नजरेत कळले तर कुलूप काढतो. वाकून शोधावे लागले, तर त्या रात्री पुन्हा तुरटी.