गरोदरपणातल्या या चुका टाळा : निम्म्या चुका तारखेच्याच असतात

नागपुरात अजूनही पुष्कळ घरांत गोड बातमी तिसरा महिना भरल्याशिवाय बाहेर जात नाही. नजर लागते, असं सासूबाई म्हणतात आणि सून मान हलवते. बातमी कधी सांगायची हे ज्याचं त्याने ठरवावं. अडचण एवढीच, की बातमीसोबत दवाखानाही लांबतो. ‘आत्ताच कायले जाता बापा, तिसरा तरी लागू द्या,’ असं म्हणत गोळ्या, तपासण्या, नवऱ्याचं रक्त तपासणं सगळंच पुढे ढकललं जातं. बाळाच्या अवयवांची मुख्य घडण मात्र याच तीन महिन्यांत उरकलेली असते.

म्हणून या लेखात खाण्यापिण्याच्या पथ्यापेक्षा तारखांबद्दल जास्त लिहिलं आहे. हिशेब सोपा व्हावा म्हणून एक तारीख धरून चालू. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस : 10 जून.

महिने मोजायला चुकीच्या दिवसापासून सुरुवात

‘पाळी 8 जुलैला चुकली, म्हणजे आज 8 ऑगस्टला एक महिना झाला.’ ही चूक शिकल्या-सवरल्या घरांतही होते. डॉक्टर मोजतात ते शेवटची पाळी सुरू झाली त्या दिवसापासून, म्हणजे 10 जूनपासून. त्या हिशेबाने पाळी चुकली त्याच दिवशी चार आठवडे पूर्ण झाले आणि 8 ऑगस्टला नववा आठवडा चालू आहे. यातले पहिले दोन आठवडे गर्भ मुळात नसतोच. 28 दिवसांचं चक्र असेल तर 24 जूनच्या आसपास स्त्रीबीज बाहेर पडतं, गर्भनलिकेत शुक्राणूशी त्याचं मीलन होतं, आणि तिथून सहा ते दहा दिवसांनी तो पेशींचा गोळा गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो. तरी मोजणी पाळीपासून होते, कारण पाळीची तारीख बाईला सांगता येते. बीज कधी फळलं हे कोणालाच दिसत नाही.

प्रसूतीची अंदाजे तारीख काढायला त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे : 17 मार्च. एकूण 280 दिवस, 40 आठवडे. नेमक्या त्या दिवशी फार थोड्या बाया बाळंत होतात. 37 आठवडे पूर्ण झाले की बाळ दिवस भरलेलं समजतात, म्हणजे 24 फेब्रुवारीपासून दवाखान्यात न्यायची पिशवी भरलेली असावी. 41 आठवडे उलटले तर ‘येईल तेव्हा येईल’ म्हणत घरी न बसता दवाखान्यात पुढचं ठरवून घ्या.

पाळी अनियमित असेल तर हा हिशेब कोलमडतो. बीज बाहेर पडतं ते साधारण पुढच्या पाळीच्या 14 दिवस आधी. चक्र 35 दिवसांचं असेल तर तो दिवस एकविसावा. ‘चौदाव्या दिवशी प्रयत्न करा’ हा मोबाइलवरचा सल्ला अशा जोडप्यांना महिनोन्‌महिने चकवतो. शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात, स्त्रीबीज मात्र जेमतेम 12 ते 24 तास. त्यामुळे बीज सुटण्याच्या आधीचे दिवस मोलाचे. एकच दिवस धरून बसण्यापेक्षा त्या आठवड्यात दिवसाआड संबंध ठेवणं बरं, घरातलं दडपणही कमी होतं.

ही गोंधळाची बाब सोनोग्राफीत निस्तरता येते, पण लवकर केली तरच. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजून काढलेली तारीख आठवडाभराच्या फरकात बरोबर निघते. आठव्या-नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीतली तारीख दोन-तीन आठवडेही इकडेतिकडे होऊ शकते. म्हणून सुरुवातीच्या सोनोग्राफीने ठरलेली तारीख शेवटच्या रिपोर्टवरून बदलायची नसते. पहिला रिपोर्ट हरवू नका. माहेरी बाळंतपणाला जाताना तर तो आधी फाइलमध्ये टाका. वर्ध्याच्या किंवा भंडाऱ्याच्या डॉक्टरला तुमच्या नागपूरच्या डॉक्टरने काय पाहिलं, ते त्या कागदावरूनच कळणार.

टेस्ट निगेटिव्ह, पाळीही नाही

लघवीची टेस्ट ज्या संप्रेरकावर चालते, ते गर्भ रुजल्यावर तयार होऊ लागतं आणि सुरुवातीला दर दोन-तीन दिवसांनी साधारण दुप्पट होत जातं. पाळीची तारीख यायच्या आधीच टेस्ट केली, किंवा दिवसभर भरपूर पाणी पिऊन संध्याकाळी केली, तर रेघ उमटत नाही. सकाळची पहिली लघवी घ्या. निगेटिव्ह आली आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा करा. तेव्हाही नाही, तर डॉक्टरकडे. मेडिकल स्टोअरमधून पाळी आणायच्या गोळ्या स्वतःच घेऊ नका. टेस्ट पॉझिटिव्ह, पण पोटाच्या एका बाजूला जोरात दुखतंय, चक्कर येते, खांदा दुखतो, थोडं रक्त जातंय, तर गर्भ नलिकेतच वाढत असण्याची शंका असते. तिथे उद्यावर टाकायचं नाही.

दुसरी घबराट सहाव्या आठवड्यातली. सोनोग्राफीत गर्भाची पिशवी दिसली, ठोके दिसले नाहीत, की घरात रडारड सुरू होते. ठोके सहाव्या आठवड्याच्या सुमारास दिसू लागतात आणि बीज चार दिवस उशिरा सुटलं असेल तर तेवढा उशीर चालतो. गर्भाची लांबी 7 मिलिमीटरपेक्षा कमी असताना केवळ ठोके दिसले नाहीत म्हणून निकाल लावत नाहीत. आठ-दहा दिवसांनी पुन्हा बघतात. कोणी एकाच सोनोग्राफीवर ‘आजच साफ करून टाका’ म्हणालं, तर पुन्हा बघायचं का, हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

फॉलिक अॅसिड उशिरा सुरू करणं

बाळाचा मेंदू आणि मणक्यातला मज्जारज्जू ज्या नळीतून घडतो, ती नळी फलनानंतर साधारण 28 दिवसांत मिटते. आपल्या हिशेबात 22 जुलै. पाळी चुकून तेव्हा जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. तिसरा महिना भरल्यावर डॉक्टरकडे गेलेल्या बाईला फॉलिक अॅसिड मिळतं, पण ज्या कामासाठी ते मुख्यतः हवं होतं ते काम दीड महिन्यापूर्वी संपलेलं असतं. म्हणून मूल हवं असं ठरलं की किमान महिनाभर आधीपासून रोज 400 मायक्रोग्रॅम. मधुमेह असेल, फिट्सची औषधं चालू असतील किंवा आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल, तर मात्रा जास्त लागते. ती डॉक्टरच ठरवतात.

फिट्सची, थायरॉइडची, बीपीची गोळी ‘बाळाला बाधेल’ म्हणून परस्पर बंद करणं हीही नेहमीची चूक. यातली काही औषधं खरंच बदलावी लागतात, पण ती बदलायची, तोडायची नाहीत. अचानक बंद केल्यावर आलेली फिट आई आणि बाळ दोघांनाही जास्त धोक्याची.

आणि खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेली ती पुडी इथे फक्त पुरुषांच्या खिशात असते, असा समज कोणी करून घेऊ नये. आईने खर्रा खाल्ला तर निकोटिन वारेतून बाळापर्यंत जातं, बाळ कमी वजनाचं होण्याचा आणि लवकर जन्मण्याचा धोका वाढतो. ‘आम्ही बिडी थोडीच ओढतो’ हे समर्थन इथे चालत नाही. नवऱ्यानेही आधीपासून सोडावा, कारण शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात.

सिकलसेल : विदर्भातली सगळ्यात महागडी दिरंगाई

पुण्या-मुंबईच्या गरोदरपणाच्या लेखांत हा विषय ओळीभरात आटोपतात. आपल्याकडे तसं करून चालत नाही. सिकलसेल हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. विदर्भात त्याचे वाहक, म्हणजे एकाच बाजूने दोष आलेले लोक, मोठ्या संख्येने आहेत आणि वाहकाला बहुधा कसलाच त्रास नसतो. रिपोर्टवर ‘एएस’ लिहिलेलं असतं, तो धडधाकट असतो, शेती करतो, नोकरी करतो. नवरा-बायको दोघंही एएस निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळ ‘एसएस’, म्हणजे आजारी, असण्याची शक्यता 25 टक्के. वाहक असण्याची 50 टक्के, आणि पूर्ण मोकळं असण्याची 25 टक्के.

या 25 टक्क्यांचा अर्थ चुकवणारी माणसं खूप. ‘पहिलं पोट्टं सिकलचं झालं, चारातलं एक झालं, आता पुढचे तिघं चांगले.’ असं नाही. दर खेपेला हिशेब नव्याने मांडला जातो. दुसऱ्याही वेळी 25 टक्केच, तिसऱ्याही वेळी 25 टक्केच.

दुसरी चूक, फक्त बायकोची तपासणी करून थांबायचं. ती एएस निघाली तर त्याच आठवड्यात नवऱ्याचं रक्त जायला हवं. इथे घरोघरी गाडी अडते. नवरा कामावर, नवरा बुटीबोरीला, ‘मला काय झालंय’ म्हणणारा नवरा. तिसरी चूक, त्याची नुसती चाळणी-चाचणी, म्हणजे सोल्युबिलिटी टेस्ट, करायची आणि ती निगेटिव्ह आली की सुटलो म्हणायचं. तो थॅलेसेमियाचा, म्हणजे रक्ताच्या दुसऱ्या एका आनुवंशिक आजाराचा, वाहक असेल तर त्या चाचणीत काहीच दिसणार नाही, आणि एकाकडून सिकल, दुसऱ्याकडून थॅलेसेमिया आलेलं बाळही आजारी असू शकतं. म्हणून एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट मागा.

आता तारखा बघा. दोघं वाहक असतील तर गर्भाची तपासणी वारेचा अंश घेऊन 11 ते 14 आठवड्यांत करता येते, किंवा 15 आठवडे झाल्यावर गर्भजल काढून. आपल्या उदाहरणात 23 सप्टेंबरनंतर. रिपोर्टला वेळ लागतो, आणि पुढे काय करायचं हा नवरा-बायकोचा निर्णय असतो. त्यालाही वेळ लागतो. गर्भपाताच्या कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनुसार 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, 20 ते 24 आठवड्यांत ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी दोघांचं लागतं, आणि त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर प्रकरण वैद्यकीय मंडळाकडे जातं. पाचव्या महिन्यात पहिल्यांदा दवाखान्यात आलेल्या जोडप्याच्या हातातले पर्याय असे एकेक करून गळून पडतात. हे रक्त लग्नाआधी तपासलेलं बरं, तेव्हा नाही तर मूल ठरवताना, तेव्हाही नाही तर पाळी चुकल्याच्या पहिल्या भेटीत. मेडिकल, मेयो किंवा डागा, नागपुरातल्या ज्या सरकारी दवाखान्यात तुमचं कार्ड असेल तिथे स्वतःहून विचारा.

आई स्वतः एसएस असेल तर सगळं गरोदरपण मोठ्या दवाखान्यातच. तिने हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या परस्पर वाढवू नयेत. तिचा रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचाच असतो असं नाही.

गोळ्या मिळतात, लागू पडत नाहीत

बाकीच्यांसाठी लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान 180 दिवस. हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल तर मात्रा डॉक्टर वाढवतात. गोळ्या घेऊनही ते वाढत नसेल तर आधी चहा बघा. नागपुरात चहाला नाही म्हणणं अवघड, पण गोळीच्या आगेमागे तासभर चहा घेतला तर लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमच्या गोळीचं आणि दुधाचंही तसंच, दोन गोळ्यांमध्ये किमान दोन तास ठेवा. लिंबूपाणी किंवा संत्र्याच्या फोडी मात्र लोह शोषायला मदत करतात, आणि संत्र्यांसाठी आपल्याला कुठे लांब जावं लागत नाही. मळमळत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घ्या. शौचाला काळं झालं तर घाबरू नका, तो लोहाचाच रंग. केशर-दुधाने बाळ गोरं होत नाही, तेवढ्या पैशांत डाळ, अंडी आणि पालेभाजी येते.

उन्हाळ्यात दिवस असतील तर वेगळी काळजी. 45 अंशांत तहान लागेपर्यंत थांबू नका. पाणी कमी पडलं की लघवीचा जंतुसंसर्ग होतो, पोटात कळाही येऊ लागतात. कूलर खोलीत असला तरी पाणी मोजून प्या.

सोनोग्राफीच्या खिडक्या

एनटी स्कॅन, म्हणजे बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारी सोनोग्राफी, 11 आठवडे ते 13 आठवडे 6 दिवस, म्हणजे 26 ऑगस्ट ते 15 सप्टेंबर. गणपती-महालक्ष्म्यांची गडबड बरोबर याच दिवसांत येऊ शकते, आणि ‘सण झाल्यावर जाऊ’ म्हणता म्हणता ही खिडकी बंद होते. अवयव नीट पाहायची अॅनोमली स्कॅन 18 ते 20 आठवड्यांत, म्हणजे 14 ते 28 ऑक्टोबर. मुलगा की मुलगी हे 1994 च्या कायद्याने विचारायचंही नाही आणि सांगायचंही नाही. तसंही ते वडिलांच्या शुक्राणूवर ठरतं, त्याचा दोष सुनेला देणाऱ्यांनी निदान एवढं तरी ध्यानात घ्यावं.

रक्तगट निगेटिव्ह असेल आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह, तर 28 आठवड्यांना, 23 डिसेंबरच्या सुमारास, आईचं रक्त बाळाच्या रक्ताविरुद्ध जाऊ नये म्हणून देतात ते अँटी-डी इंजेक्शन विचारा. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर प्रसूतीनंतर 72 तासांच्या आत पुन्हा. गर्भपात झाला तरी ते लागू शकतं, हे बरेचदा राहून जातं. साखरेची चाचणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांत : 75 ग्रॅम ग्लुकोज, दोन तासांनी रक्त. खर्चाची अडचण असेल तर दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची मोफत तपासणी असते. आशाताईला विचारलं की जवळचं केंद्र कळतं.

हालचाल कमी वाटली तर

पहिलटकरणीला बाळाची हालचाल 18 ते 20 आठवड्यांत जाणवते, दुसऱ्या खेपेला थोडी आधी. सुरुवातीला ती कधी जाणवते, कधी नाही. 28 आठवड्यांनंतर मात्र प्रत्येक बाळाचा आपला एक क्रम बसतो. ‘नववा लागला, जागा कमी पडते, म्हणून हलत नाही’ हे जाणत्या बायकांचं वाक्य बाळांच्या जिवावर उठलेलं आहे. शेवटच्या महिन्यात हालचालीची तऱ्हा बदलते, ती कमी व्हायला नको. नेहमीपेक्षा कमी वाटली तर डाव्या कुशीवर शांत पडून लक्ष द्या. शंका गेली नाही तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, दुपार असो की रात्रीचे दोन.

न थांबणारं डोकं दुखणं, डोळ्यांसमोर अंधारी किंवा ठिपके, छातीच्या खाली पोटात दुखणं, चेहरा-हात एकदम सुजणं, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, यांतलं काहीही झालं तर तोच नियम. बीपी 140/90 किंवा त्यावर गेलं तर घरी मीठ कमी करून वाट बघू नका. गाडीची सोय नसेल तर 102 किंवा 108 लावा, आणि निघताना कार्डासोबत तो पहिल्या सोनोग्राफीचा कागद घ्या.