यूडीआयडी कार्ड काढताय? नियम बदललेत, आधी हे वाचा (अर्जापासून पेन्शनपर्यंत)

यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा अर्ज ऑनलाइन भरला, मोबाईलवर एनरोलमेंट नंबर आला, आता कार्ड पोस्टाने घरी येईल म्हणून वाट बघत बसलेली कितीतरी माणसं भेटतात. असं बसू नका प्लीज. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने दिव्यांग हक्क नियमांमध्ये दुरुस्ती केली आणि त्यात एक कलम असं आहे की अर्जावर दोन वर्षं निर्णय झाला नाही, मग तो हॉस्पिटलमुळे असो की तुम्ही तपासणीला गेला नाहीत म्हणून असो, तर अर्ज निष्क्रिय होतो. मग एकतर पुन्हा नवीन अर्ज करायचा, नाहीतर त्या हॉस्पिटलला जाऊन जुना चालू करून घ्यायचा. अर्ज केल्यावर खरं काम सुरू होतं, ते आपणच पाठपुरावा करून पुढे न्यायचं असतं.

दुसरा बदल म्हणजे दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट द्यायची मुदत पूर्वी एक महिना होती ती आता तीन महिने केलीय. मला हे अजिबात पटलेलं नाही, ज्याची पेन्शन, कॉलेजची ॲडमिशन सगळं त्या एका कागदावर अडलंय त्याला तीन महिने म्हणजे खूप होतात. पण मुदत लिहून ठेवलीय तर तिचा उपयोग करा. तीन महिने उलटले तर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावाने साध्या कागदावर अर्ज लिहा, एनरोलमेंट नंबर टाका, आवक शिक्का मारलेली पोच घ्या. तोंडी विचारलं की "साहेब नाहीत, पुढच्या आठवड्यात या" एवढंच ऐकायला मिळतं, कागद दिला की निदान फाईल हलते.

आता अर्जाचं सांगते. सर्टिफिकेट आता फक्त पोर्टलवरूनच मिळतं, साइट आहे स्वावलंबनकार्ड डॉट जीओव्ही डॉट इन. भरायच्या आधी आधार कार्ड हातात घेऊन बघा, नाव, जन्मतारीख, पत्ता बरोबर आहे का, मोबाईल नंबर लिंक आहे का. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, आधारवर एक स्पेलिंग, बँक पासबुकवर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं, आणि मग कार्ड आलं तरी पेन्शनच्या वेळी तहसीलमध्ये अडतं. आधी आधार दुरुस्त करा, मगच अर्ज. फोटो सहा महिन्यांच्या आतला लागतो, हे पण नवीन नियमात आहे, त्यामुळे कपाटातला जुना पासपोर्ट फोटो स्कॅन करून टाकू नका. मूल लहान असेल किंवा बौद्धिक दिव्यांगत्वामुळे व्यक्ती स्वतः अर्ज करू शकत नसेल तर पालक किंवा कायदेशीर पालक करू शकतात.

प्रकार निवडताना नीट बघा कारण २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत आणि अजूनही लोकांना वाटतं की पाय, डोळे, कान एवढंच. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, पार्किन्सन्स, मल्टिपल स्क्लेरोसिस, मानसिक आजार, ऑटिझम, शिकण्यातली अडचण म्हणजे डिस्लेक्सिया वगैरे, ॲसिड हल्ल्यातले पीडित, हे सगळे त्यात आहेत. गडचिरोली, नंदुरबारकडे सिकलसेलचे इतके पेशंट आहेत आणि त्यातल्या अनेकांना आपण या यादीत येतो हे माहीतच नसतं, ओळखीत कुणी असेल तर सांगा त्यांना.

हॉस्पिटल निवडताना आपल्या जिल्ह्यातलं घ्या किंवा ज्या सरकारी दवाखान्यात आधीपासून ट्रीटमेंट चालू आहे ते घेता येतं, नियमात दोन्ही आहे. बोर्डाचे, म्हणजे तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या समितीचे, दिवस ठरलेले असतात आणि प्रत्येक प्रकाराचा डॉक्टर रोज नसतो, म्हणून आधी फोन करून किंवा कुणाला पाठवून विचारा की कानाचा दिवस कुठला, हाडांचा कुठला, मानसोपचारवाले कधी बसतात. खेडेगावातून दिव्यांग माणसाला गाडी करून न्यायचं आणि तिथे कळायचं की आज डॉक्टर नाहीत, हा त्रास एका फोनने वाचतो. सोबत जुने सगळे रिपोर्ट घ्या, डिस्चार्ज कार्ड, एक्सरे, कानाच्या तपासणीचा (ऑडिओमेट्री किंवा बेरा) रिपोर्ट, आयक्यू टेस्ट, जे असेल ते, आणि ओरिजिनल देऊन येऊ नका, झेरॉक्स द्या. टक्केवारी मोजायची मार्गदर्शक तत्त्वं मार्च २०२४ मध्ये नव्याने आलीत, त्यामुळे शेजारच्याला ६० मिळाले मग मला ४५ का असं भांडून काही होत नाही, तुमचा रिपोर्ट काय म्हणतो ते बघतात.

पण टक्के खरंच चुकीचे वाटले तर सोडू नका. सर्टिफिकेटच्या तारखेपासून ९० दिवसांत अपील करता येतं. नामंजूर केलं तर कारण लेखी द्यावं लागतं, "तुम्ही बसत नाही" एवढं तोंडी ऐकून घरी येऊ नका, लेखी मागा, अपीलाला तेच लागतं. आणि परमनंट की टेम्पररी हे कागदावर वाचा. सुधारणेची शक्यता असेल तर मुदतीचं सर्टिफिकेट देतात, लहान मुलांना बहुतेक असंच मिळतं, मग संपायची तारीख मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा आणि काही महिने आधीच पुन्हा तपासणीच्या मागे लागा, नाहीतर मधल्या काळात पेन्शन बंद पडते आणि ती परत सुरू करणं म्हणजे पहिल्यापासून सगळी धावपळ.

कार्डाचे रंग पण आता नियमात आलेत. ४० टक्क्यांच्या खाली पांढरा, ४० ते ८० च्या आत पिवळा, ८० आणि वर निळा. पांढरं मिळालं तर दिव्यांगत्व मान्य झालं एवढंच, आरक्षण, पेन्शन वगैरे बहुतेक लाभांना किमान ४० लागतात. म्हणून एजंट "पैसे द्या, ४० करून देतो" म्हणतात. कृपा करून त्या वाटेला जाऊ नका. खोटा लाभ घेतला तर कायद्याच्या कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि २०२५ मध्ये आपल्या राज्यात दिव्यांग कोट्यातल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या सर्टिफिकेटची पडताळणी सुरू झालीय. खोट्या कागदवाल्यांमुळे खऱ्या माणसाला परत परत बोर्डापुढे उभं राहावं लागतं याचा मला फार राग येतो.

कार्ड आलं की पेन्शन. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना महिना १५०० मिळायचे, ते ऑक्टोबर २०२५ पासून २५०० केलेत, श्रावणबाळ योजनेतल्या दिव्यांगांना पण. अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत किंवा सेतूमधून. उत्पन्नाची मर्यादा दिव्यांगांसाठी वर्षाला ५०,००० आहे, इतर लाभार्थ्यांची २१,००० वाली ऐकून परत फिरू नका, बरेच जण खिडकीवरूनच परत आलेत. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, यूडीआयडी, आधार, पासबुक लागतं. पैसे डीबीटीने, थेट खात्यात येतात म्हणजे खातं आधारशी जोडलेलं पाहिजे, बँकेत जाऊन "आधार सीडिंग झालंय का" असंच विचारा, नुसतं केवायसी झालंय म्हणाले तर तेवढ्यावर थांबू नका, ते वेगळं आहे. पुढे दर वर्षी हयातीचा दाखला विसरायचा नाही.

बँकेत अंध व्यक्तीला किंवा चेहरा भाजलेल्या व्यक्तीला "डोळे मिटून उघडा तरच व्हेरिफिकेशन होईल" असं ॲप सांगतं आणि तिथेच काम थांबतं. यावर सुप्रीम कोर्टाने ३० एप्रिल २०२५ ला निकाल दिलाय, डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि केवायसीला दुसरे पर्याय द्यायलाच हवेत, कागदी पद्धत पण चालू ठेवायची. मॅनेजरला हा निकाल तारखेसकट सांगा, सहीऐवजी अंगठा घ्यायला नाही म्हणाले तर ते लेखी मागा.

ज्यांचं मूल १८ चं होतंय आणि ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविकलांगत्व आहे त्यांनी कायदेशीर पालकत्वाचं आधीच बघा, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, तिथे अर्ज करायचा. आईवडील आहोत म्हणजे आपोआप पालक असं १८ नंतर राहत नाही. याच चार प्रकारांसाठी निरामय आरोग्य विमा पण आहे, एक लाखापर्यंतचा.

गावातल्यांसाठी अजून एक. ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका सगळ्यांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेत उभं राहून विचारा की यंदा किती जमा झाला, कशावर खर्च केला, नाही सांगितलं तर माहितीचा अधिकार टाका. एकट्याने जाण्यापेक्षा गावातले चारपाच दिव्यांग मिळून गेलात तर बरं.

आणि कुठेच दाद लागली नाही तर पुण्यात दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय आहे. तिथे तक्रार साध्या मराठीत, साध्या कागदावर चालते, वकील लागत नाही. आयुक्तांना साक्षीदार बोलवायचे, कागद मागवायचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत, त्यामुळे तक्रारीत तारखा, एनरोलमेंट नंबर आणि घेतलेल्या सगळ्या पोचपावत्यांच्या झेरॉक्स जोडा आणि स्पीड पोस्टाने पाठवा.